पडका गडगा आणि उभी माणसं

कोकणात गडगा पडलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. पडताना मात्र कुणीच पाहिलेला नसतो. तो रात्री पडतो, भर पावसात पडतो, घरातली झाडून सगळी माणसं शेजारच्या वाडीत बारशाला गेलेली असताना पडतो. सकाळी तोंडात ब्रश धरून खळ्यात आलेल्या यजमानांना कलमांच्या बागेत शेजाऱ्याची म्हैस दिसते. आधी ते म्हशीला हाकलतात, मग शेजाऱ्याला हाक मारतात आणि मग त्यांची नजर म्हशीच्या मागे जाते. तिथे काल गडगा होता. आज दगड आहेत. दगड तेच, तेवढेच, जवळजवळ तिथल्या तिथेच. फक्त गडगा नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली कमरेएवढी, फार तर छातीएवढी कुंपणभिंत. तिच्यात माती नाही, चुना नाही, सिमेंट तर नाहीच. देवगड-मालवणच्या बाजूला परसाला गडगा, माडाच्या बागेला गडगा, कलमांना गडगा. दोन गडग्यांमधून पाणंद जाते आणि त्या पाणंदीतून शाळेची पोरं, गुरं, नवरदेव आणि उमेदवार असे सगळे जातात. देशावरही डोंगरउतारावर दगडी ताली असतात, पण ताल मातीला अडवते. गडगा म्हशीला अडवतो, अशी त्याच्या मालकाची समजूत असते. म्हशीची तशी समजूत नसते.

गडग्याला दगड कुठून आले, हा प्रश्न कोकणात कुणी विचारत नाही, कारण दगड नसलेली जागा कुठे आहे हाच तिथला खरा प्रश्न. वर सडा, खाली कातळ आणि मधे सापडेल तेवढी माती. जमीन लागवडीला आणायची म्हणजे आधी जांभ्याचे धोंडे वेचायचे. वेचलेले टाकायचे कुठे? शेजाऱ्याच्या जागेत टाकता येत नाहीत. (प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहेत.) म्हणून ते हद्दीवर येतात. त्यामुळे गडगा हा निम्मा कुंपण आणि निम्मा दगडांचा उकिरडा असतो. एकाच कामात जमीन साफ होते, हद्द ठरते आणि भाऊबंदांशी पुढच्या तीन पिढ्यांच्या भांडणाची सोय होते.

चुन्याशिवाय दगडात दगड बसवून आपल्याकडे हेमाडपंती देवळं उभी राहिली. त्यांच्यापुढे पर्यटक मान वर करून उभे राहतात आणि ‘त्या काळी सिमेंट नव्हतं बरं का’ असं एकमेकांना सांगतात. आमच्या गडग्यातही सिमेंट नसतं, पण त्याच्यापुढे कुणी मान वर करत नाही. एकतर तो तेवढा उंच नसतो. दुसरं म्हणजे देवळातला दगड घडवलेला, खाचा-कंगोरे पाडून एकमेकांत अडकवलेला. गडग्यातला दगड जन्मला तसाच आलेला. घडवलेल्या दगडांना एकत्र उभं करणं हे पाथरवटाचं कसब. न घडवलेल्यांना, प्रत्येकाचा आकार वेगळा, कोपरे वेगळे, तऱ्हा वेगळ्या असताना एका ओळीत पन्नास वर्षं उभं करणं, हे एकत्र कुटुंब चालवण्यासारखं आहे. त्याला कसबाबरोबर थोडी दमदाटीही लागते.

आता हा गडगा पडतो का? अधिकृत कारण पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसात काहीही पडू शकतं, त्यामुळे सगळ्याच गोष्टींचं बिल पावसाच्या नावावर फाडता येतं. अनधिकृत कारणं जरा जास्त आहेत. पायरीचं, म्हणजे वडाच्या भावकीतलं, इवलंसं रोप फटीत रुजतं, घरातल्या बाई ‘राहू दे, हिरवं दिसतंय’ म्हणतात आणि पाच वर्षांनी त्याची मुळं गडगा आतून उघडतात. वांदर कळपाने एका माडावरून गडग्यावर आणि गडग्यावरून कलमावर जातात. कुत्रा मुंगसाच्या मागे लागून फटीत अर्धा आत जातो आणि बाहेर येताना दगडासकट येतो. एप्रिलमध्ये पोरं कैऱ्यांसाठी गडग्यावर चढतात आणि ओरडा ऐकू आला की पलीकडे उडी मारतात. माथ्यावरचा दगड त्यांच्याबरोबर उडी मारतो. आणि अलीकडे वाढलेलं कारण म्हणजे मोबाईलची रेंज. प्रत्येक वाडीत एका विशिष्ट गडग्यावर, एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की रेंज येते. मुंबईला मुलाशी बोलायचं तर वाडीतल्या सगळ्या आया त्या एका दगडावर चढतात. पन्नास वर्षं पावसाला न हललेला गडगा ‘जेवलास काय?’ या प्रश्नाच्या भाराने पडतो.

पण खरं सांगायचं तर गडगा एकदम पडतच नाही. पडण्याआधी तो पुरेशी सूचना देतो. आधी त्याला पोट येतं. मधला भाग हळूहळू बाहेर फुगतो. मालकाला ते दिसत नाही, कारण मालकाचं स्वतःचंही त्याच गतीने आलेलं असतं आणि रोज बघणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. बाहेरून आलेला पाहुणा बोट दाखवतो, तेव्हा यजमान ‘तो पहिल्यापासून तसाच आहे’ असं म्हणतात आणि आपला शर्ट खाली ओढतात.

पोटानंतर पहिला दगड निखळतो. या पहिल्या दगडाचं चरित्र कुणीतरी लिहायला हवं. मृगाच्या पावसात तो पाणंदीत येऊन पडतो. पहिल्या दिवशी लोक त्याच्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी त्याला वळसा घालतात. आठवड्याभरात त्याच्या बाजूने नवी पायवाट पडते. मग त्याला कामं मिळायला लागतात. त्याच्यावर पाय ठेवून चपलेचा चिखल निपटतात, सायकल टेकवतात, भिजलेली छत्री आपटतात. गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा अंधारात प्रत्येक जण मागच्याला सांगतो, ‘दगड आहे हं, सांभाळून.’ मागचा त्याच्या मागच्याला सांगतो. अख्खी भजनी मंडळी टाळ-मृदंगासकट तो दगड ओलांडून पुढे जाते. इतक्या प्रेमाने इतक्या माणसांनी सावध केलेला तो दगड उचलून दोन हात पलीकडे गडग्यावर ठेवायला कुणाचाही खोळंबा झाला नसता. पण दगड उचलणं म्हणजे गडगा आपला आहे असं मान्य करणं, आणि एकदा मान्य केलं की पुढचा खर्चही आपलाच. तेवढं कायद्याचं ज्ञान कोकणात प्रत्येकाला आईच्या दुधातून मिळतं.

निखळलेल्या दगडाच्या जागी भोक राहतं. त्यातून आतली बारीक भर झिरपून बाहेर येते. मग वरचा दगड खाली बघू लागतो. श्रावणापर्यंत तिथे खिंड होते, आणि त्या खिंडीत म्हैस.

गडगा पडल्यानंतर जी पहिली गोष्ट उभी राहते, ती दुरुस्ती नसून माणसं असतात. आपल्याकडे खड्डा खणणाऱ्याभोवती जमतात त्याहून दुप्पट माणसं पडक्या गडग्याभोवती जमतात, कारण इथे कुणी काम करत नसल्यामुळे उभं राहायला जागा जास्त असते. या मंडळींत काही ठरलेली खाती आहेत. पहिला इतिहास सांभाळणारा. ‘तुमच्या आज्यान घातलेलो ह्यो गडगो. तेवा माणसा होती,’ असं तो आजच्या माणसांकडे बघत म्हणतो. दुसऱ्याकडे निदान. तो वाकतो, एका दगडाला बोट लावतो आणि ‘पाणी!’ एवढंच बोलतो. तिसरा अर्थखातं. ‘ह्याच्यापेक्षा कंपाउंड घाला. एकदाच काय तो खर्च!’ हे तो दुसऱ्याच्या खर्चाबद्दल बोलत असल्यामुळे त्याला घसघशीत आकडे सुचतात. चौथा हाताची घडी घालून सगळ्यात मागे उभा असतो. तो शेवटी बोलतो, पण जे बोलतो त्याने सभा बरखास्त होते: ‘गडगो पयलो हय नव्हतोच. वायच तकडे होतो.’

हे ‘वायच तिकडे’ फार जुनं दुखणं आहे. भारतीय भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. कोकणातले काही गडगे त्याहून वेगाने सरकतात आणि त्यांची दिशा दुरुस्तीचे पैसे कुणी दिले यावर ठरते. प्रत्येक दुरुस्तीत एक वीत. वीतभर जागेत नारळ लागत नाही, आंबा लागत नाही, माणूस आडवाही होऊ शकत नाही. तरी तिच्यासाठी दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जेवत नाहीत. फक्त अहेर पाठवतात.

मग सातबारा निघतो. सातबारावर नावांची रांग असते. त्यातली काही माणसं मुंबईत, काही बडोद्याला, काही अमेरिकेत, आणि काही कागदावर असली तरी वर गेलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ म्हणते की हद्दीच्या खुणा नीट राखायची जबाबदारी जमीनधारकाची. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एक जमीन आणि एक धारक असावा. सामायिक खात्यात ‘धारक’ म्हणजे ज्या दिवशी काम निघतं त्या दिवशी जो गावात नसतो तो. गावात राहणारे म्हणतात, मुंबईवाल्यांनी पैसे पाठवावे. मुंबईवाले म्हणतात, नारळ तुम्ही खाता. दोघांचंही म्हणणं बरोबर असतं आणि गडगा तसाच असतो.

हल्ली हे सगळं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. काका पडक्या गडग्याचा फोटो टाकतात. पहिली प्रतिक्रिया दोन मिनिटांत येते: जोडलेले हात. म्हणजे गडग्याला श्रद्धांजली. डोंबिवलीची आत्या लिहिते, ‘अरे देवा, आमच्या लहानपणी इथेच बसून आम्ही फणस खायचो.’ न्यू जर्सीची पुतणी लिहिते, ‘किती सुंदर हिरवं!’ तिचं लक्ष दगडांच्या मागच्या नेच्यांकडे गेलेलं असतं. ठाण्याचा थोरला लिहितो, ‘मे महिन्यात आलो की बघू.’ सगळे त्याला अंगठा दाखवतात. इतक्या वर्षांच्या अनुभवाने दाखवलेला तो अंगठा वर आहे की खाली, हे ओळखणं कठीण. मग कुणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकतं आणि गडगा वर सरकून दिसेनासा होतो.

मे महिन्यात थोरला येतो आणि खरोखरच बघतो. बघून झाल्यावर आंबे खातो. गणपतीत बघायला पाऊस असतो, शिमग्यात वेळ नसतो. पडका गडगा असा सणवार बघत राहतो.

शेवटी कधीतरी, घरातल्या काकींनी ‘त्या म्हशीने माझी मिरची खाल्ली’ असं निर्वाणीचं सांगितलं की काम निघतं. आता माणूस हवा. गडगा घालणारे म्हातारे आता पंचक्रोशीत हातावर मोजण्याइतके, आणि त्यांची पोरं बागायतदाराकडे फवारणीला किंवा गोव्यात हॉटेलात. चिरा बांधणारा गवंडी मिळतो. पण त्याला ओळंबा लागतो, दोरी लागते, माल लागतो आणि सगळे चिरे एका मापाचे लागतात. गडग्याचे वेडेवाकडे धोंडे बघून तो ‘फोडून भरीला घालू’ म्हणतो. त्याचं चूक नाही. त्याला सरळ रेषेत विचार करायची सवय असते.

असा एक म्हातारा कामाला आला की बघण्यासारखं असतं. तो येतो आणि सर्वांत आधी उभा असलेला गडगा पाडतो. पडलेल्या खिंडीच्या दोन्ही बाजूंचा, पोट आलेला भाग तो पहारीने सैल करून उतरवतो. मालकाच्या पोटात गोळा येतो: दोन हात लावायचे होते, आता दहा हात लावावे लागणार. ‘अण्णा, हा तर चांगला होता!’ अण्णा वळूनही बघत नाहीत. ‘चांगलो होतो तर हातान कसो इलो?’

मग ते दगड पसरतात. मोठे खाली पायाशी, लांबट एका बाजूला, चपटे दुसऱ्या बाजूला, बारीक कपच्या वेगळ्या. काकींनी उन्हात घातलेली आमसुलं या विस्तारात तीनदा जागा बदलतात. एकेक दगड उलटायच्या आधी अण्णा त्याला पहारीने टोचतात आणि मागे सरकतात. गडगा हे भाडं न देणाऱ्यांचं वसतिस्थान आहे. सरडे, सापसुरळ्या, गोगलगाई, विंचू आणि मानाच्या जागी फुरसं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघा प्रमुख विषारी सापांत फुरसं आकाराने सर्वांत लहान, आणि जांभ्याच्या फटी त्याच्या खास आवडीच्या. त्यामुळे सल्ला द्यायला जमलेली मंडळी हा एवढा वेळ जरा लांबून सल्ला देतात.

पाया मोकळा झाला की काम सुरू होतं, आणि काम म्हणजे बहुतेक वेळ नुसतं बघणं. अण्णा दगडाकडे बघतात, मग गडग्यातल्या जागेकडे, मग पुन्हा दगडाकडे. मालकाला वाटतं, मजुरी चालू आहे. पुण्याहून आलेला भाचा विचारतो, ‘आजोबा, काय बघताय?’

‘तोंड.’

‘कुणाचं?’

‘दगडाचा. दगडाक तोंड आसता. आधी ता बगूचा, मगे हात लावचो.’

आणि हात लावल्यावर तो दगड सहसा परत खाली जात नाही. जागेवर ठेवतात, दोन्ही तळव्यांनी हलवून बघतात, हलला तर फिरवतात, पुन्हा हलवतात. बसला की आवाज बदलतो. आधी खडखड, मग एकदाच ठप्प. त्या ‘ठप्प’नंतर अण्णा त्या दगडाकडे आयुष्यात पुन्हा बघत नाहीत. दगडाची लांबी आतल्या बाजूला. बाहेर फक्त तोंड. हौशी माणूस नेमकं उलट करतो. दगडाची लांब, देखणी बाजू बाहेर दाखवतो, त्यामुळे लांबी भरभर उरकते आणि गडगा पुढच्या पावसात भरभर पडतो. एका दगडाचं वजन खालच्या दोघांवर पडलं पाहिजे, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. सांध्यावर सांधा आला की वरपासून खालपर्यंत सरळ फट पडते, आणि फुटीची सुरुवात तिथूनच होते. भाऊबंदांच्या जमिनीत उभ्या गडग्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गडग्याच्या दोन बाजू असतात, एक आपली आणि एक शेजाऱ्याची. मधली पोकळी बारीक दगडांनी भरतात. मालकाचा उत्साही मुलगा घमेलं भरून ती भर ओततो. अण्णा काही न बोलता ती सगळी उपसून बाहेर काढतात आणि एकेक कपची हाताने बसवायला लागतात. ओतलेली भर पहिल्या पावसात खाली बसते, बाजूंना बाहेर ढकलते आणि गडग्याला पोट येतं. थोड्याथोड्या अंतरावर एक लांब धोंडा आडवा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. अशा धोंड्यांवाचून दोन्ही बाजू वेगळ्या होतात आणि आपापल्या मालकाच्या अंगणात पडतात. खाली रुंद, वर अरुंद, आणि माथ्यावर पुन्हा जड, म्हणजे पोरांना, वांदरांना आणि आयांना सहज न हलणारे. जांभ्याचं अंग खरबरीत, भोकाभोकांचं असल्यामुळे दगड एकमेकांना चांगले धरतात. काळा गुळगुळीत धोंडा या कामात घसरतो. अण्णा त्याला नेऊन न्हाणीपाशी ठेवतात, कपडे आपटायला.

दुपारी चहाला बसल्यावर भाचा मोबाईलमध्ये वाचून दाखवतो. असे कोरडे गडगे रचण्याची कला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात घातली आहे. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड अशा आठ देशांची मिळून. आणि २०२४ साली आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, लक्झेंबर्ग, अँडोरा यांची नावंही त्यात आली. यादीत आपण नाही. अण्णांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला. भाचा पुढे म्हणाला, ब्रिटनमध्ये तर या कामाची संघटनाच आहे, १९६८ पासूनची. ती परीक्षा घेते, पायरीपायरीने प्रमाणपत्रं देते. शहरातली माणसं सुट्टीत तिथे जाऊन गडगे घालायला शिकतात.

‘तेंका हाजरी काय गावता?’ अण्णांनी विचारलं.

‘हजेरी नाही हो. तेच पैसे भरतात.’

‘दगड उचलूक पैसे दितत?’

‘हो.’

अण्णांनी बशी खाली ठेवली. त्या पडक्या गडग्याकडे, मालकाकडे आणि सल्लागार मंडळींकडे एकदा नीट बघितलं.

‘मगे तेंका हयच धाडा. मी कमीत करतंय.’

या सगळ्या वाटाघाटीत काहीजण धीर सोडतात आणि कंपाउंड घालतात. चिऱ्याचं, सिमेंटचं, गिलावा केलेलं, वर रंग, मधे लोखंडी गेट, गेटवर नावाची पाटी. दिसायला झोकात. पण कोकणातली जागा उताराची, आणि पावसाचं पाणी उताराने येतं ते सातबारा न बघता. गडगा त्याला अडवत नाही. त्याच्या अंगात शेकडो फटी. पाणी आत शिरतं, बाहेर पडतं, माती थोडीफार मागे राहते. जमीन थोडी खचली तर गडगाही थोडा खचतो आणि सांभाळून घेतो. सिमेंटची भिंत खचत नाही, वाकत नाही, ऐकून घेत नाही. पाणी जायला तिच्यात भोकं ठेवायची असतात. ठेकेदार ती विसरतो, किंवा त्याने ठेवली तर मालकच बुजवतो, कारण रंगावर ओघळ येतात. मग मागची माती पाण्याने फुगते, जड होते आणि सगळा भार भिंतीवर टाकते. भिंत सहन करते, सहन करते आणि एका रात्री आडवी होते. पहिला दगड, दुसरा दगड असं काही नाही, अख्खीच्या अख्खी. सकाळी फक्त गेट उभं असतं, कुलपासकट. आणि इतक्या दिवसांची सवय असल्यामुळे घरचे लोक खिशातून किल्ली काढून, कुलूप उघडून, गेटमधूनच आत येतात.

पडलेल्या कंपाउंडचं पुढे काही होत नाही. चिऱ्याला सिमेंट चिकटलेलं, तुकडे वेडेवाकडे, परत बांधायचं तर सगळं नवं आणायचं. गडगा पडला तर त्याचे दगड त्याच्या पायाशीच असतात. काही विकत आणावं लागत नाही, ट्रक लागत नाही, पाणी मारावं लागत नाही. आजोबांनी लावलेला दगड नातू उचलून पुन्हा लावू शकतो, त्याच जागी, त्याच तोंडाने. घरातली इतर कुठलीही वस्तू इतक्या वेळा पडून पुन्हा पूर्वीसारखी झाल्याचं ऐकिवात नाही. गडग्याला फक्त वेळच्या वेळी वाकणारा माणूस लागतो, आणि वाकायला तयार नसलेली माणसं त्याला सोडून बाकी सगळं पुरवायला एका पायावर तयार असतात.

अण्णांचं काम संपलं की सल्लागार मंडळी पुन्हा जमतात आणि गडग्यावरून हात फिरवतात. एक जण बसून बघतो. गडगा हलत नाही. ‘आता काय पन्नास वरसा बघूक नको,’ असं इतिहासवाले म्हणतात. अण्णा हातपाय धुता धुता म्हणतात, ‘बघूक होया. दर वरसाक बघूक होया.’ हे वाक्य कुणी ऐकत नाही, कारण तोवर मजुरीच्या रकमेवरून वेगळी चर्चा सुरू झालेली असते.

तेव्हा गणपतीला, मे महिन्यात किंवा काही कारण नसताना कोकणात जाणाऱ्या सर्वांना एकच विनंती. पाणंदीत पडलेला दगड दिसला तर मागच्याला सांगू नका. ग्रुपवर फोटो टाकू नका. गडगा कुणाचा आहे हे विचारू नका, कारण उत्तर मिळेपर्यंत गडगा राहणार नाही. खाली वाका, दगड उचला आणि परत ठेवा. फक्त उचलण्याआधी एकदा काठीने ढकलून फुरसं नाही ना बघा, आणि ठेवताना तोंड बघा, दगडाचं. आजूबाजूला जमलेल्या माणसांची बघू नका.